माणसाचा पंचनामा

२६ जुलै २०२५, शनिवार. पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका कंटेनरचे ब्रेक बोरघाट उतरताना निकामी झाले आणि खोपोलीच्या हद्दीत तो पुढच्या गाड्यांना मागून ठोकत खाली आला. वीसच्या आसपास गाड्या एकमेकींत घुसल्या. एका महिलेचा जीव गेला, दीड डझनावर माणसं जखमी झाली. द्रुतगती मार्गाच्या या पट्ट्याला असा प्रसंग नवा नव्हता. इथे अपघात झाला की बोरघाट महामार्ग पोलीस, रस्ता सांभाळणाऱ्या आयआरबी कंपनीची गस्त, ‘देवदूत’ बचाव यंत्रणेच्या गाड्या आणि खोपोलीतली ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ ही संस्था धावून येते. पत्रा कापून माणूस बाहेर कसा काढायचा, क्रेन कुठल्या बाजूने लावायची, कुठली रुग्णवाहिका कामोठ्याच्या रुग्णालयात धाडायची, हे या मंडळींच्या हाताला बसलेलं आहे. खालापूर तालुक्याने हे ज्ञान फार किंमत मोजून मिळवलं आहे.

पण काचा झाडून झाल्या, क्रेन गेली, मुंबई लेन पुन्हा वाहू लागली की यंत्रणेचं काम संपतं आणि धडक बसलेल्या माणसाचं सुरू होतं. गाडीचा पंचनामा होतो. बंपर किती आत गेला, टायर कुठले फुटले, काचा कुठवर उडाल्या, सगळं लिहिलं जातं. त्या गाडीत बसलेल्या, स्वतःच्या पायांनी उतरून ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्या माणसाचा पंचनामा मात्र कोणी करत नाही. पुढच्या सहा महिन्यांत त्याला जे सोसावं लागतं, त्यातलं बरंचसं या एका राहून गेलेल्या नोंदीतून येतं. म्हणून या प्रकरणात धडकेपेक्षा धडकेनंतरच्या दिवसांबद्दल जास्त बोलायचं आहे.

आधी हा भाग असा का, ते थोडक्यात. ९४.५ किलोमीटरचा यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना तो सह्याद्रीचा कडा काही किलोमीटरांत उतरतो. भरलेला ट्रक उतारावर गिअरमध्ये असेल तर इंजिनही त्याला मागे खेचून धरतं. डिझेल वाचवायला तो न्यूट्रलमध्ये सोडला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पुढे पेडल दाबूनही पकड मिळत नाही. अशा ट्रकच्या पुढे जे असेल त्याला तो मागून धडकतो. एकट्या २०१६ साली या मार्गावर १५१ माणसं गेली. पुढच्या वर्षांत रस्त्याची, कठड्यांची आणि गस्तीची बरीच कामं झाल्यावर आकडा खाली आला. पाठीमागून धडक हा एकट्या घाटाचा प्रश्नही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या एकूण अपघातांपैकी २१.४ टक्के अपघात या प्रकारचे होते, म्हणजे सगळ्या प्रकारांत पहिला क्रमांक. त्याच वर्षी १४ ऑगस्टच्या पहाटे माजी आमदार विनायक मेटे यांची गाडी माडप बोगद्याजवळ पुढच्या ट्रकवर आदळली आणि मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी बीडहून मुंबईला निघालेले मेटे वाटेतच गेले. मदत वेळेत पोचली नाही, ही त्यानंतरची तक्रार राज्यभर गाजली.

धडक बसल्यावरची पहिली काही मिनिटं दुसऱ्या धडकेपासून वाचण्याची असतात. ५ जून २०१६ रोजी पनवेलजवळ याच मार्गावर कडेला थांबलेल्या दोन मोटारींवर मागून खासगी बस आदळली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. चालता येत असेल तर गाडीजवळ घोटाळत राहू नये. धोक्याचे दिवे लावून सगळ्यांनी कठड्यापलीकडे जावं. नुकसानीचे फोटो तिथूनही निघतात. ज्याची मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात किंवा शुद्ध हरपली आहे, त्याला मात्र आग किंवा दुसऱ्या धडकेची भीती नसेल तर जाणत्या माणसांशिवाय कोणी उचलू नये. इकडच्या बहुतेक सीएनजी गाड्यांत टाकी डिकीत असते, म्हणजे नेमकी धडक बसते तिथे. वास आला, फुसफुस ऐकू आली तर चावी बंद करून लांब व्हावं, ‘सुरू होते का बघू’ हा मोह टाळावा. गाडी पुढे दुरुस्त झाली तरी ती टाकी आणि तिची नळी अधिकृत केंद्रातून तपासून घेतल्याखेरीज गॅस भरू नये.

फोन ११२ किंवा १०८ ला. सांगताना ‘घाटात’ एवढंच सांगून भागत नाही. मुंबई लेन की पुणे लेन, आणि जवळच्या किलोमीटरच्या खांबावरचा आकडा, या दोन गोष्टींनी रुग्णवाहिकेचा खूप वेळ वाचतो. चुकीच्या लेनवर आलेल्या गाडीला पुढच्या वळणापर्यंत जाऊन फिरून यावं लागतं. मदतीला थांबलेल्यांनी पोलिसांची भीती बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१९ च्या दुरुस्तीतून मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४-अ यांमुळे मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.

आता मानेकडे येऊ. थांबलेल्या किंवा हळू चाललेल्या मोटारीला मागून धडक बसते तेव्हा आसन पाठीला पुढे ढकलतं. धड पुढे जातं, डोकं मात्र क्षणभर होतं तिथेच राहतं. सेकंदाच्या पहिल्या दहाव्या भागात मानेचे खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे पुढे, म्हणजे मानेला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक येतो. निसर्गतः मान अशी कधी वाकत नाही. मग डोकं झटक्याने मागे जातं, आणि परत पुढे. मणक्यांमधले छोटे सांधे, त्यांच्यावरची आवरणं, बारीक स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात, क्वचित फाटतात. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात. आसनावरची डोक्याची उशी ही या क्षणासाठी असते. तिचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या जवळपास आणि डोक्यापासून चार बोटांपेक्षा कमी अंतरावर असेल तरच ती उपयोगाची. कित्येक गाड्यांत ती खाली दाबून ठेवलेली असते, आणि मग मान तिच्यावरून मागे मोडावी तशी वाकते.

या दुखापतीचा घात असा की ती उशिरा बोलते. अंगात भीतीची रसायनं उसळलेली असताना वेदना दबते. संध्याकाळी माणूस घरी पोचतो, चहा घेतो, फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘थोडक्यात वाचलो’ म्हणून सांगतो, आणि सकाळी उठताना उशीवरून डोकं उचलवत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका, खांद्यात काठीसारखा ताठरपणा, चक्कर, कानात आवाज, वाचताना शब्द हलल्यासारखे वाटणं. एअरबॅग उघडली नव्हती, म्हणजे धक्का हलका होता, असं घरचे म्हणतात. पुढच्या एअरबॅग समोरून येणाऱ्या धडकेसाठी असतात. मागच्या धडकेत त्या बहुधा उघडतच नाहीत. त्यावरून मानेबद्दल काहीच ठरत नाही.

मानेचा एक्स-रे कोणाचा काढायचा हे ठरवण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक नियम कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये मांडला. साधी पाठीमागची धडक असेल तर त्या नियमात धोका कमी धरतात. पण बस किंवा मोठ्या ट्रकने दिलेली, वेगात आलेल्या वाहनाने दिलेली, समोरच्या वाहतुकीत ढकलणारी किंवा गाडी उलटवणारी धडक या ‘साध्या’त मोडत नाही. बोरघाटातल्या कंटेनरची धडक म्हणूनच कधीच साधी समजू नये, माणूस चालत घरी आलेला असला तरी. पासष्टीच्या पुढचं माणूस असेल, मानेच्या बरोबर मध्ये हाडावर दाबल्यावर दुखत असेल, हात बधिर होत असतील, तर त्याच दिवशी तपासणी हवी. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं, लघवीला अडचण, सीटबेल्टच्या वळाखाली पोटात दुखणं, यांपैकी काही दुसऱ्या दिवशी दिसलं तरी थेट रुग्णालय गाठावं. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. गंभीर रुग्ण बहुधा कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयाकडे किंवा पुढे नवी मुंबईत हलवले जातात.

आणि पहिल्या तपासणीच्या कागदावर अपघात कसा झाला ते लिहून घ्यावं. ‘मानदुखी’ एवढ्या एका शब्दाला पुढे कोणी विचारत नाही. ‘अमुक तारखेला मोटारीला मागून ट्रकची धडक, तेव्हापासून मानेत व उजव्या हातात वेदना’ असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य विमा कंपनीपासून न्यायाधिकरणापर्यंत सगळीकडे तुमच्या बाजूने बोलतं. माणसाच्या पंचनाम्याची ही पहिली ओळ. पुढच्या ओळी घरी लिहायच्या: आज कशाने दुखलं, रात्री किती वेळा जाग आली, भांडं उचलता आलं का, कामावर किती खाडे झाले. शाळेची वही चालेल. तीन महिन्यांनी ‘तेव्हा किती दुखत होतं?’ असं कोणी विचारलं तर आठवण दगा देते, वही देत नाही.

गंभीर दुखापत नाही हे ठरल्यावर उपचार आपल्या रीतीच्या उलट असतो. आपल्याकडे मानेला पट्टा बांधून पंधरा दिवस पडून राहायचा सल्ला सगळे देतात, शेजारी तर हमखास. आज बहुतेक तज्ज्ञ मऊ कॉलर फार दिवस वापरू नये असंच सांगतात. दुखणं सोसेल इतपत मान हलवत राहणं, थोडं चालणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, आणि पहिल्या आठवड्यांत वेदनाशामकांची मदत, याने माणूस लवकर सावरतो. मालिश करून मान ‘बसवून’ घेण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. ताज्या दुखापतीत दिलेला झटका महागात पडतो.

किती दिवस? इथे खरं बोललेलं बरं. व्हिपलॅशवरच्या संशोधनाचा २००८ मध्ये मोठा आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की साधारण निम्म्या लोकांना वर्षानंतरही मानेची काही ना काही तक्रार राहते. ती बहुतेकांना अंथरुणाला खिळवत नाही. पण आपण ढोंग करत नाही हे स्वतःला सांगायला हा आकडा उपयोगी पडतो. याच्या अगदी विरुद्ध टोकाचा पुरावा लिथुआनियातून आला. १९९६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या, मागून धडक बसलेल्या २०२ जणांची इतर लोकांशी तुलना केली होती. तिथे अशा दुखण्यासाठी भरपाई मागायची पद्धतच नव्हती. एक ते तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत मानदुखी जवळजवळ सारखीच निघाली. भरपाईच्या लोभाने दुखणं टिकतं, असा अर्थ तेव्हा विमा कंपन्यांनी उचलून धरला. पण त्या २०२ जणांतल्या अनेकांना मुळात इजाच झाली नव्हती, हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. या वादातून घ्यायचं ते इतकंच, की आपण बरे होऊ अशी अपेक्षा असणारे लवकर बरे होतात आणि सुरुवातीला फार दुखणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. दोन्ही गोष्टी नंतरच्या अभ्यासांनी दाखवल्या आहेत. कुणाच्या वेदनेवर अविश्वास दाखवायला लिथुआनियाचा आधार पुरत नाही.

पैशाच्या बाजूला येऊ. केंद्र सरकारच्या ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. दाखल करतानाच ‘तुमचं रुग्णालय या योजनेत आहे का?’ हा प्रश्न विचारावा. गाडीच्या विमा कंपनीला लगेच कळवावं आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नये. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर जात असेल तर ती ‘टोटल लॉस’ धरली जाते; लाडक्या गाडीसाठी भांडत बसण्यापेक्षा त्या रकमेची घासाघीस करावी. रस्त्याच्या कडेला दहा-वीस हजार घेऊन ‘मिटवून टाकू’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तेव्हा दिसत असतो फक्त पत्रा. मान अजून बोललेली नसते. त्यामुळे माणसं जखमी असतील तर गुन्हा नोंदवून घ्यावाच.

मागून धडकणाऱ्याचीच चूक, हा आपल्याकडचा समज बऱ्याच अंशी खरा आहे. २०१८ मध्ये निशान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या ट्रकपासून दहा-पंधरा फुटांवर गाडी चालवणाऱ्या मोटारचालकालाच जबाबदार धरलं. पण २९ जुलै २०२५ च्या निकालाने दुसरी बाजूही दाखवली. २०१७ मध्ये कोइमतूरला एका मोटारचालकाने पत्नीला मळमळतं म्हणून महामार्गाच्या मधोमध एकाएकी ब्रेक दाबला. मागचा दुचाकीवरचा विद्यार्थी मोटारीवर आदळून पडला, त्याच्या पायावरून बस गेली आणि पाय कापावा लागला. न्यायालयाने मोटारचालकाकडे ५० टक्के, बसकडे ३० आणि विद्यार्थ्याकडे २० टक्के दोष दिला. महामार्गावर इशारा न देता थांबणं हाही निष्काळजीपणाच, असं त्यात स्पष्ट आहे. घाटात दहा गाड्या एकीत एक घुसलेल्या असताना कोणी कोणाला ठोकलं हे मधल्या गाडीतल्या प्रवाशाला कसं कळणार? त्याला ते सिद्ध करत बसावं लागत नाही. दोघाचौघांच्या निष्काळजीपणातून इजा झाली असेल तर पूर्ण भरपाई त्यांतल्या कोणाही एकाकडून मागता येते, हे २०१५ च्या खेन्येई निकालाने पक्कं केलं आहे.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. तो अपघाताच्या ठिकाणच्याच न्यायाधिकरणात करावा लागतो असं नाही. तुम्ही राहता त्या भागातही करता येतो, म्हणजे पुण्याच्या माणसाला खालापूरच्या अपघातासाठी रायगडात खेपा घालायची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. ही मुदत सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली आहे आणि केवळ उशिरा आला म्हणून दावा फेटाळू नये असं न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरी त्या भरवशावर बसू नये. आणि टक्क्यांत लिहिलेल्या अपंगत्वाच्या दाखल्यावर सगळं ठरत नाही. २०११ च्या राजकुमार निकालापासून प्रश्न विचारला जातो तो असा: या इजेने या माणसाची कमाई किती घटली? ट्रक चालवणाऱ्याची मान आणि हिशेब लिहिणाऱ्याची मान कागदावर सारखी दुखली तरी नुकसान वेगळं असतं. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही पैशात किंमत आहे, हे २०२१ मध्ये न्यायालयाने ठामपणे म्हटलं. वहीतल्या त्या नोंदी इथे कामी येतात.

मनाचं दुखणं या सगळ्यात शेवटी आठवतं, कधी आठवतच नाही. मागून आलेल्या धडकेची एक खास भीती असते: समोरून येणारं संकट दिसतं तरी, हे दिसलंच नव्हतं. म्हणून अशी माणसं नंतर पुढे कमी आणि आरशात जास्त पाहतात. ट्रकचा हॉर्न, घासलेल्या ब्रेकचा वास, सिग्नलला मागे येऊन थांबलेलं वाहन, एवढ्याने हात घामेजतात. झोपेत धडक पुन्हा बसते. चालवणारा मनातल्या मनात ‘दोन मिनिटं आधी निघालो असतो तर’ घोळवत बसतो. पहिल्या काही आठवड्यांत हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. ओसरायला झोप, रोजचा दिनक्रम आणि ऐकून घेणारं माणूस लागतं. जबरदस्तीने सगळी हकिगत वदवून घेण्याने मात्र फायदा होत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी हे लक्षात ठेवलं तर उपकार होतील. महिना उलटूनही स्वप्नं, टाळाटाळ आणि सततची धास्ती तशीच असेल तर ते आघातोत्तर ताणाचं दुखणं असू शकतं, आणि त्याला चांगले उपचार आहेत. सुरुवात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलूनही करता येते.

या भीतीचं सगळ्यात मोठं खाद्य म्हणजे टाळणं, आणि घाटाखालच्या कर्जतसारख्या लोकलच्या गावात टाळणं फार सोपं आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली, सगळीकडे लोकल आहे, गाडी काढायचीच कशाला? मुंबईलाही लोकलच. वर्ष सरतं आणि मोटार दारात उभी राहते, कारण विचारलं तर ‘पेट्रोल महाग झालंय’. मानसोपचारात यावर जी पद्धत वापरतात ती साधी आहे: भीतीच्या पायऱ्या करायच्या आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ती ओसरेपर्यंत थांबायचं. आधी उभ्या गाडीत नुसतं बसणं. मग गल्लीतून चक्कर. मग सकाळच्या कमी रहदारीत कर्जतहून चौकपर्यंत, कोणी सोबत घेऊन. ते जमलं, छाती धडधडली तरी वाटेत उतरावंसं वाटलं नाही, की जुन्या महामार्गाने खालापूर फाटा. मग टोल नाका. घाट सगळ्यात शेवटी, आणि पहिल्यांदा चढताना, उतरणं त्यानंतर. एका पायरीवर आठवडा लागला तरी चालेल, पायरी गाळू नये.

गाडी पुन्हा वापरात येण्याआधी ती मेकॅनिककडून पुढच्या गोष्टींसाठी वेगळी तपासून घ्यावी. जोराच्या धडकेत ताणलेले सीटबेल्ट आणि मुलाचं आसन बदलावं लागतं, दिसायला ते चांगले असले तरी. मागच्या आसनाचे बोल्ट तपासावेत. डोक्याच्या उशा चारही जागी, बसणाऱ्याच्या उंचीनुसार वर ओढून खटका बसेपर्यंत लावाव्यात, मागच्यासुद्धा.